रीस्टार्ट करून बघ!

आयटीत काम करणाऱ्या माणसाला घरचे, शेजारचे, सोसायटीतले सगळे एकच प्रश्न विचारतात, "अरे, जरा आमचा लॅपटॉप बघतोस का?" आणि आपण सोफ्यावरून न उठता एकच उत्तर देतो, "रीस्टार्ट करून बघा, काका." बऱ्याचदा काम होतं. काका खूश, आपण खूश, काकूंकडून चहा.

इथवर माझी काही तक्रार नाही. माझी तक्रार आहे ती हेच वाक्य एसी कॉन्फरन्स रूममध्ये बसून, अडीचशे मशीन्सचं काम अडलेलं असताना, पंधरा-पंधरा वर्षांचा अनुभव असलेले लोक बोलतात त्याबद्दल. आज जरा भडकूनच लिहितोय. गोष्ट जुनी झाली तरी राग उतरलेला नाही, आणि त्यातला बराचसा माझ्यावरचाच आहे.

तर झालं असं. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार होता. आमच्याकडे सगळ्या ऑफिसांप्रमाणेच हे वर्षभर आधी माहीत होतं आणि सगळ्या ऑफिसांप्रमाणेच काम सुरू झालं शेवटच्या महिन्यात. २४० नवीन लॅपटॉप आले. विसर्जन होऊन ढोलताशे शांत झाले त्याच्या पुढचा शनिवार-रविवार ठरला, म्हणजे १३ आणि १४ सप्टेंबर. प्लॅन सोपा होता. लॅपटॉप नेटवर्कला लावायचा, नेटवर्कवरून बूट करायचा, आमची स्वतःची बूट इमेज चढणार, ती डिस्क पुसणार, विंडोज ११ टाकणार. एका वेळी वीस मशीन्स. रविवारी संध्याकाळपर्यंत सगळं खलास.

ज्यांचा या भानगडीशी संबंध येत नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. ही बूट इमेज म्हणजे विंडोज पीई, आमच्या भाषेत विनपीई. २००२ मध्ये मायक्रोसॉफ्टने काढलं तेव्हा ते एक्सपीवर आधारलेलं होतं आणि फक्त मोठ्या गिऱ्हाइकांना मिळायचं. व्हिस्टाच्या काळात सगळ्यांना फुकट मिळायला लागलं. ही एक छोटीशी, कामचलाऊ विंडोज असते. डिस्कवर राहत नाही, रॅममध्ये राहते. तिचा ड्राइव्ह म्हणजे एक्स. बिल्डिंग उभी करण्याआधी साइटवर पत्र्याची शेड टाकतात ना, सिमेंटच्या गोण्या आणि वॉचमनसाठी? तशी. बिल्डिंग झाली की शेड मोडायची. विनपीई तर ७२ तास सलग चालू राहिली की स्वतःच रीस्टार्ट होते, म्हणजे कोणी तिच्यात कायमचा मुक्काम ठोकू नये.

प्रत्येक कंपनी ही शेड आपल्या गरजेप्रमाणे बांधते. त्यात आपले ड्रायव्हर्स, आपल्या स्क्रिप्ट्स, आपला लोगो. आमची कोणीतरी २०१९ मध्ये बांधली होती. तो माणूस कधीच कॅनडाला गेला. नंतरच्या लोकांनी तिच्यात काय काय कोंबलं याची एका ओळीची नोंद नव्हती. इमेजच्या फाइलचं नाव होतं 'फायनल न्यू २'. (हसू नका. तुमच्या शेअर ड्राइव्हवर एकदा नजर टाका.)

शनिवारी सकाळी दहा वाजता पहिले वीस लॅपटॉप लावले. सगळे छान नेटवर्कवरून बूट झाले. इमेज डाउनलोड झाली. कंपनीचा लोगो आला. 'नेटवर्क जोडणी तयार होत आहे' अशा अर्थाची छोटी खिडकी आली. आणि मग काही न बोलता, एरर नाही, निळा स्क्रीन नाही, मशीन रीस्टार्ट. विसाच्या वीस.

फोनवर मॅनेजर. पहिलं वाक्य ओळखा पाहू.

"रीस्टार्ट करून बघा."

अहो, ते आपणहून रीस्टार्टच होतंय! पण आम्ही केलं. तीनदा केलं. मग केबल बदलली. मग पोर्ट बदलला. मग स्विच बदलला. मग नेटवर्क टीमच्या माणसाला घरून बोलावलं. बिचारा मुलीच्या वाढदिवसाच्या तयारीतून उठून आला. त्याने डीएचसीपी बघितलं, पोर्ट सेटिंग बघितलं आणि म्हणाला, "इमेज नेटवर्कवरूनच येतेय ना? मग नेटवर्क ओके आहे." यावर सगळ्यांच्या माना डोलल्या. नेटवर्क ओके, म्हणजे इमेज करप्ट. मग इमेज नव्याने बांधायला घेतली. ती पूर्ण व्हायला, सर्व्हरवर चढायला दीड-दोन तास. लावली. लोगो, खिडकी, रीस्टार्ट. परत बांधली. परत तेच. रात्री साडेदहाला तिसरी इमेज बांधून आम्ही पिझ्झा खाल्ला आणि घरी गेलो.

आता मुख्य माणसाकडे येतो. आमच्याबरोबर व्हेंडरचा एक पोरगा होता. बार्शीकडचा, डिप्लोमा झालेला, वय असेल तेवीस-चोवीस. त्याचं नाव इथे लिहीत नाही. मीटिंगमध्येही त्याचं नाव कोणी घेत नसे, 'व्हेंडरचा रिसोर्स' म्हणत. काम काय, तर खोके उघडायचे, केबल लावायच्या, असेट टॅग चिकटवायचे. शनिवारी दुपारी दोन वाजता हा माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "सर, बूट इमेजमध्ये एफ ८ चालू करून मिळेल का? कमांड विंडो उघडून आयपी मिळतोय का बघू. मला वाटतं विनपीईला या मॉडेलचं नेटवर्क कार्डच दिसत नाहीये."

मी काय म्हणालो? मी म्हणालो, "सिक्युरिटीवाल्यांनी एफ ८ बंद ठेवलंय रे. आधी ही नवीन इमेज होऊ दे, मग बघू."

बीई, फर्स्ट क्लास विथ डिस्टिंक्शन. मी.

तो जे म्हणत होता ते समजायला इंजिनिअरिंगची डिग्री लागत नाही, पण थांबून विचार करायची तयारी लागते. मशीन नेटवर्कवरून बूट होतं तेव्हा नेटवर्क कार्ड चालवतो तो मशीनच्या फर्मवेअरमधला छोटा ड्रायव्हर. इमेज रॅममध्ये येऊन विनपीई सुरू झाली की त्या ड्रायव्हरचं काम संपलं. आता विनपीईला स्वतःचा ड्रायव्हर लागतो. टेम्पोवाल्याने हेडलाइटच्या उजेडात माल उतरवून दिला आणि टेम्पो निघून गेला, तर शेडमध्ये अंधारच असणार ना? 'इमेज नेटवर्कवरून आली म्हणजे नेटवर्क ओके' हे वाक्य टेम्पोच्या उजेडात म्हटलेलं वाक्य आहे. आणि शेडचं लाइट कनेक्शन वेगळं, बिल्डिंगचं वेगळं. पुढे टाकायच्या विंडोज ११ साठी तुम्ही शंभर ड्रायव्हर गोळा करून ठेवले असले तरी ते बूट इमेजच्या आत नसतील तर त्या क्षणी त्यांचा उपयोग शून्य.

रविवारी संध्याकाळी पाच वाजता, सगळे थकल्यावर, 'चला, त्याचं पण करून बघू' या भावनेने एफ ८ चालू केलेली इमेज बनवली. मशीन बूट झालं. त्याने एफ ८ दाबलं. काळी विंडो आली. ही विंडो उघडी असेपर्यंत मशीन रीस्टार्ट होत नाही, हेही आमच्यातल्या निम्म्या लोकांना तेव्हा कळलं. त्याने आयपीकॉन्फिग टाइप केलं. उत्तर रिकामं. अडॅप्टरच नाही.

पुढे त्याने काय केलं ते शांतपणे वाचा, कारण याला ट्रबलशूटिंग म्हणतात. एक नवा लॅपटॉप कंपनीकडून आलेल्या मूळ विंडोजमध्ये चालू केला. डिव्हाइस मॅनेजरमध्ये नेटवर्क कार्डचा हार्डवेअर आयडी बघून कागदावर उतरवला. त्या आयडीचा ड्रायव्हर शोधून पेन ड्राइव्हवर घेतला. विनपीईच्या काळ्या विंडोत ड्राइव्हलोडची कमांड देऊन तो ड्रायव्हर तिथल्या तिथे, इमेज नव्याने न बांधता, चढवला. परत आयपीकॉन्फिग. आयपी आला. एकूण वीस मिनिटं असतील. आमचे दोन दिवस आणि तीन इमेजेस एका बाजूला, आणि हे एका बाजूला.

पुढे गेल्यावर डिस्क सापडेना. त्याने डिस्कपार्ट उघडलं, डिस्कची यादी मागितली, यादी रिकामी. तो म्हणाला, "सर, व्हीएमडी असणार." इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये एसएसडी थेट दिसत नाही, व्हीएमडी नावाच्या कंट्रोलरच्या मागे बसलेली असते आणि त्याचा ड्रायव्हर नसेल तर सेटअपच्या दृष्टीने त्या मशीनला डिस्कच नाही. दोन्ही ड्रायव्हर इमेजमध्ये घातले, सर्व्हरवर पाठवली. तरी एक मशीन परत रीस्टार्ट! इथे आमच्या लोकांनी लगेच 'करप्ट, करप्ट' सुरू केलं. त्याने आधी सर्व्हरवरच्या फाइलची तारीख बघितली. जुनीच इमेज होती, नवी अजून पोचलीच नव्हती. दहा मिनिटं थांबलो. चाललं.

रात्री नऊ वाजता पहिले वीस लॅपटॉप तयार झाले. २४० पैकी वीस. हुश्श.

आता सांगायचा मुद्दा. 'रीस्टार्ट करून बघ' हा सल्ला या जागी नुसता निरुपयोगी नाही, तो हानिकारक आहे. विनपीई रॅममध्ये राहते हे मी वर लिहिलं. तिचे लॉग कुठे राहतात? डिस्क तयार होईपर्यंत तेही त्याच एक्स ड्राइव्हवर, म्हणजे रॅममध्येच. एसएमएसटीएस नावाची लॉग फाइल असते (एसएमएस हे सिस्टिम्स मॅनेजमेंट सर्व्हर या जुन्या नावाचं उरलेलं शेपूट, आणि टीएस म्हणजे टास्क सिक्वेन्स). आधी ती एक्सवर असते, डिस्क फॉर्मॅट झाली की सी ड्राइव्हवर जाते, शेवटी क्लायंटच्या लॉग फोल्डरमध्ये मुक्कामाला. मशीन काय करत होतं, कुठे अडकलं, हे सगळं तिच्यात ओळीने, वेळेसकट लिहिलेलं असतं. आणि डिस्क तयार व्हायच्या आधी तुम्ही मशीन रीस्टार्ट केलं की ती फाइल गेली. कायमची.

म्हणजे आम्ही दोन दिवस काय करत होतो? खून झालेल्या घरात पंचनाम्याच्या आधी फरशी पुसत होतो. परत परत. फिनाईल टाकून. आणि प्रत्येक वेळी एकमेकांना विचारत होतो की पुरावा कसा काही सापडत नाही बुवा.

यावर मला जे युक्तिवाद ऐकवले गेले ते एकेक घेतो.

पहिला: "बिझनेसला कारण नको असतं, मशीन चालू हवं असतं. वेळ कुठे आहे?" हा युक्तिवाद एका मशीनसाठी बरोबर आहे. अकाउंट्समधल्या बाईंचा लॅपटॉप महिनाअखेरीला अडला तर जरूर रीस्टार्ट करा, मी स्वतः करीन. पण बूट इमेज हे मशीन नाही, तो साचा आहे. साच्यात खोट असेल तर ती २४० वेळा छापली जाणार. आणि वेळेचा हिशोब तर मी वर दिलाच आहे. कारण शोधायला वीस मिनिटं लागली, कारण न शोधायला दोन दिवस लागले. वेळ नाही म्हणणाऱ्यांनी आधी हा हिशोब मांडावा.

हिशोबाचीच गोष्ट निघाली म्हणून अजून एक. नेटवर्कवरून बूट फार हळू होतं म्हणून नवे स्विच घ्या, असा प्रस्ताव मी मागे एकदा बघितलाय. बूट इमेज टीएफटीपीने येते. या प्रोटोकॉलचं १९९२ चं स्पेसिफिकेशन म्हणतं की ५१२ बाइट्सचा एक तुकडा पाठवायचा, पोच येईपर्यंत थांबायचं, मग पुढचा. ४०० एमबीची इमेज म्हणजे सव्वाआठ लाखांच्या आसपास तुकडे. प्रत्येकाच्या जाण्या-येण्याला एक मिलिसेकंद धरा. झाली साडेतेरा मिनिटं. तुकडा मोठा करायची सोय १९९५ पासून आहे. इथरनेटच्या एका फ्रेममध्ये मावेल असा १४५६ बाइट्सचा तुकडा केला तर तेच काम पावणेपाच-पाच मिनिटांत. एक सेटिंग. स्विच जगातला सगळ्यात महाग घेतला तरी तुकड्यांची संख्या तेवढीच राहणार. हे गणित दहावीचं आहे. पण ते मांडायला कोणीतरी 'का?' असं विचारावं लागतं.

दुसरा युक्तिवाद: "हे सगळं जुनं झालं. आता सगळं क्लाऊडवरून होतं, बूट इमेज वगैरे कोण बघतो." बरं. १९ जुलै २०२४ आठवतो? क्राऊडस्ट्राइकच्या एका सदोष अपडेटने जगभरातली सुमारे ८५ लाख विंडोज मशीन्स झोपली. हा आकडा मायक्रोसॉफ्टने दिलेला. आपल्याकडे विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. ती मशीन्स क्लाऊडवरून उठवता येत नव्हती, कारण क्लाऊडशी बोलण्याइतपत ती चालूच होत नव्हती. मग मायक्रोसॉफ्टने पेन ड्राइव्हवरून चालवायचं एक रिकव्हरी टूल काढलं. त्यातला एक पर्याय कशावर चालत होता? विनपीईवर. त्याच 'जुन्या झालेल्या' पत्र्याच्या शेडमधून माणसांनी एकेका मशीनपाशी जाऊन ती एक फाइल उडवली.

इथे प्रामाणिकपणे सांगायला हवं की त्या दिवशी काही मशीन्स नुसत्या रीस्टार्टनेही सुधारली. मायक्रोसॉफ्टने तर क्लाऊडवरच्या मशीन्ससाठी परत परत रीस्टार्ट करायला सांगितलं होतं, काहींना पंधरा-पंधरा वेळा करावं लागलं. पण त्यालाही कारण होतं. मशीन कोसळण्याआधीच्या थोड्याशा वेळात दुरुस्त केलेली फाइल खाली उतरली तर ते वाचत होतं, म्हणून प्रत्येक रीस्टार्ट ही एक नवी संधी होती. कारण माहीत असताना केलेला रीस्टार्ट हा उपाय असतो. कारण माहीत नसताना केलेला तो नवस.

आणि नंतरचं उदाहरण. विंडोज ११ च्या ऑक्टोबर २०२५ च्या अपडेटने काय केलं? त्यानंतर रिकव्हरी एन्व्हायर्नमेंटमध्ये, जी विनपीईवरच उभी आहे, यूएसबी कीबोर्ड आणि माऊस चालेनासे झाले. मुख्य विंडोजमध्ये तेच कीबोर्ड-माऊस मजेत चालत होते! मायक्रोसॉफ्टला काही दिवसांत तातडीचं दुरुस्ती अपडेट काढावं लागलं. बिल्डिंगमध्ये लाइट आहे, शेडमध्ये अंधार. आमच्या कॉन्फरन्स रूममध्ये जे घडलं त्याच जातीची गोष्ट. तेव्हा 'हे कोण बघतो' असं म्हणू नका. ज्या दिवशी बघावं लागतं त्या दिवशी दुसरं काहीच बघता येत नाही.

तिसरा, आणि आजकालचा लाडका: "एआयला विचारू ना." विचारा की! मी रोज विचारतो. पण विचारणार काय? 'मशीन रीस्टार्ट होतंय' एवढंच सांगितलं तर तोही तुम्हाला केबल तपासायला सांगेल. लॉगमधली ती ओळ दिलीत तर नीट उत्तर मिळेल. ती ओळ आणायला एफ ८ दाबणारा माणूस लागतो.

आता जरा आपल्याकडे वळतो, म्हणजे डिग्रीवाल्यांकडे. ही सवय आपल्याला कुठून लागली? मला वाटतं कॉलेजच्या लॅबमधून. आठवा प्रॅक्टिकल. सर्किट जोडलं, रीडिंग चुकीचं आलं. आपण काय केलं? शेजारच्या बॅचच्या जर्नलमधून बरोबर रीडिंग उतरवलं, ग्राफ काढला, सही घेतली. चार वर्षांत एकाही सरांनी मला विचारलं नाही की तुझं रीडिंग चुकलं, तर का चुकलं ते लिही, त्याचे मार्क देतो. चुकलेलं रीडिंग ही लपवायची गोष्ट होती. नोकरीला लागल्यावर जर्नलच्या जागी तिकीट आलं आणि सहीच्या जागी एसएलए. तिकीट चार तासांत बंद झालं पाहिजे. कशाने बंद झालं ते कोण विचारतो? 'यूजरने रीस्टार्ट केल्यावर इश्यू रिझॉल्व्ह्ड.' जर्नल कम्प्लीट.

त्यात आपली उतरंड. वर डेव्हलपर, मग टेस्टर, मग इन्फ्रा, मग डेस्क सपोर्ट, आणि सगळ्यात खाली व्हेंडरचा पोरगा, ज्याच्या गळ्यातल्या पट्ट्याचा रंगसुद्धा वेगळा. कँटीनमध्ये तो वेगळ्या टेबलावर बसतो. बस म्हणून कोणी सांगितलेलं नसतं, तरी बसतो. त्याचा करार अकरा महिन्यांचा. दिवसाला पन्नास मशीन्सना हात लावणारा तोच, त्यामुळे कुठलं मॉडेल कसं वागतं हे त्याला सगळ्यात जास्त माहीत. आणि दर अकरा महिन्यांनी आपण ते ज्ञान रीस्टार्ट मारून साफ करतो.

आता शेवटचा भाग, जो लिहायला मला सगळ्यात जड जातंय.

पुढच्या आठवड्यात आरसीए झाली. कारणमीमांसेची मीटिंग. खरं कारण साधं होतं. पायलट टेस्टिंग एका मॉडेलवर झालं आणि खरेदीवाल्यांनी ऐनवेळी दुसरं मॉडेल मागवलं, कारण ते लवकर मिळत होतं. आम्हाला कोणी कळवलं नाही, आम्हीही खोके उघडेपर्यंत विचारलं नाही. बूट इमेजची नोंद नव्हती. एफ ८ बंद होतं. एवढंच. पण खरेदीवाले मीटिंगमध्ये मोठ्या हुद्द्याचे होते. कागदावर आलं ते असं: 'अधूनमधून येणारी नेटवर्क समस्या, तसेच व्हेंडर रिसोर्सकडून पूर्वतपासणीत त्रुटी.'

पूर्वतपासणी त्याचं काम नव्हतंच. ज्याने रोग शोधला त्याच्याच नावावर रोग लावला. आणि त्या मीटिंगमध्ये मी बसलो होतो. समोर लॅपटॉप उघडा होता, त्यात रविवारी संध्याकाळी कॉपी करून ठेवलेली लॉग फाइल होती. मी गप्प बसलो. अप्रेझल तोंडावर होतं. असं मी स्वतःला सांगितलं.

ऑक्टोबरमध्ये त्याचा करार संपला तो वाढवला नाही. जाताना माझ्या डेस्कपाशी आला, म्हणाला, "सर, येतो. त्या ड्रायव्हरचं फोल्डर शेअरवर ठेवलंय, कुठल्या मॉडेलला कुठला ते एक्सेलमध्ये लिहून ठेवलंय. पुढच्याला लागेल."

पुढच्याला लागेल! सहा वर्षांत त्या बूट इमेजबद्दल कोणीतरी काहीतरी लिहून ठेवण्याची ती पहिली वेळ. आणि ती त्याने, त्याला काढून टाकल्यावर, कोणी न सांगता केली.

त्या रात्री मला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी मी मॅनेजरना आणि आरसीएवाल्या सगळ्यांना मेल टाकला. लॉग फाइल जोडली, ओळ अधोरेखित केली, मॉडेल बदलल्याची तारीख लिहिली, कोणी शोधलं त्याचं नाव लिहिलं. उशिरा सुचलेलं शहाणपण, मान्य आहे. 'नोटेड, थँक्स' असं उत्तर आलं. कागद बदलला नाही. त्याच्या व्हेंडरलाही एक पत्र दिलं, त्याचा थोडा उपयोग झाला असावा. तो आता दुसरीकडे कामाला आहे, बरं चाललंय म्हणतो. मला अजून 'सर'च म्हणतो. ते ऐकलं की कानाला टोचतं.

नुसती आदळआपट करून उपयोग नाही, म्हणून मला काय हवंय ते सांगतो. यातल्या एकाही गोष्टीला बजेट लागत नाही.

चाचणीच्या काळात बूट इमेजमध्ये एफ ८ चालू ठेवा. ती काळी विंडो कोणालाही मशीनवर मोकळं रान देते, त्यामुळे सिक्युरिटीची काळजी खरी आहे. म्हणून प्रत्यक्ष वाटप सुरू झाल्यावर बंद करा. पण ती चालू-बंद करण्याचा अधिकार काम करणाऱ्या टीमकडे असू द्या.

टास्क सिक्वेन्स अडला की रीस्टार्टच्या आधी लॉग नेटवर्क शेअरवर कॉपी होईल अशी पायरी घाला. आणि नेटवर्कच नसेल तर पेन ड्राइव्हवर, हाताने. आधी लॉग, मग पॉवर बटन. ही सवय दात घासण्यासारखी लागली पाहिजे.

बूट इमेजबरोबर एक साधी फाइल ठेवा. कोणता ड्रायव्हर, कोणत्या मॉडेलसाठी, कोणी, कधी, का घातला. 'फायनल न्यू २' असं नाव ठेवणाऱ्याकडून सगळ्या टीमला वडापाव.

आरसीएमध्ये लॉगची ओळ नसेल तर तिला आरसीए म्हणू नका. 'अधूनमधून येणारी समस्या' याचा मराठीत अर्थ 'आम्ही शोधलं नाही' असा होतो.

आणि ज्याने शोधलं त्याचं नाव लिहा. पट्ट्याचा रंग कुठलाही असो.

हे वाचणाऱ्यांत बरेच जण टीम लीड झाले असाल, काही होणार असाल. उद्या-परवा एखादा पोरगा तुमच्या खुर्चीजवळ येऊन हळू आवाजात म्हणेल, "सर, मला वाटतं..." त्या वेळी हातातलं काम बाजूला ठेवा आणि त्याला वीस मिनिटं द्या. माझी ती वीस मिनिटं द्यायची राहून गेली, आणि त्याची किंमत मी मोजली नाही, त्याने मोजली.

असो. फार लांबलं. आईचा फोन येतोय, तिच्या मोबाइलवर काहीतरी उघडत नाहीये. आज मी तिला 'रीस्टार्ट कर' म्हणणार नाहीये. स्क्रीनवर काय लिहिलंय ते आधी वाचून दाखव, असं म्हणणार आहे :-)